उतार मोडायची घाई

पुरंदर, जुन्नर, सिन्नर किंवा भोरकडे वाटणीत आलेला नाहीतर हौसेने घेतलेला दहा-वीस गुंठ्यांचा तुकडा, जमीन काळी आणि चिकण, त्यात उताराची. अशा जागेवर भाजीपाला करायचं मनात आलं की पहिला फोन बहुधा जेसीबीवाल्याला जातो. आधी सपाटी करून घेऊ, मग वरून चार ट्रक लाल माती टाकू, मग वाफे पाडू, असा क्रम ठरलेला असतो. या क्रमामागे एक समजूत आहे: चिकण माती हा एक दोष, उतार हा दुसरा दोष, आणि दोन्ही दोष काढल्याशिवाय भाजी यायची नाही. माझं म्हणणं याच्या उलट आहे. चिकण जमिनीचा खरा आजार म्हणजे साचणारं पाणी, आणि त्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे उतार. तो मोडून टाकला की जमीन सपाट दिसते, पण पावसाळ्यात तिच्यावर काही उभं राहत नाही.

आधी माती समजून घेऊ. दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात अतिसूक्ष्म कणांचं, म्हणजे चिकणमातीचं, प्रमाण निम्म्याच्या आसपास आणि पुष्कळदा त्याहून जास्त असतं. हे कण स्मेक्टाइट गटातल्या खनिजांचे असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात आणि सुकले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खोल जमिनीत त्या मीटरभर खालीही जातात. वळवाचा पहिला पाऊस या भेगांमधून भसाभसा आत उतरतो, आणि जमीन पाणी चांगलं पिते असा आपला समज होतो. पण माती भिजून फुगली की भेगा मिटतात. त्यानंतर पाणी आत जाण्याचा वेग इतका मंदावतो की तासाला एखाददोन मिलिमीटर मुरलं तरी पुष्कळ म्हणायचं. म्हणजे ही जमीन जूनच्या सुरुवातीला एक असते आणि जुलैत दुसरीच. भाजीचं नियोजन जुलैतल्या जमिनीचा विचार करूनच करावं लागतं.

आता थोडा हिशेब. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटरची एक सर कोसळली, तर त्या एका गुंठ्यावर पाच हजार लिटर पाणी पडतं. भिजलेल्या चिकण मातीने त्यातलं पाच मिलिमीटर प्यायलं असं उदार मनाने धरलं, तरी साडेचार हजार लिटर पाण्याला कुठेतरी जावंच लागतं. वरच्या बाजूच्या पाच गुंठ्यांचं पाणी आपल्याच तुकड्यावरून वाहत असेल, तर आकडा वीस-बावीस हजारांनी वाढतो. टोमॅटो, मिरची, वांगी, वेलवर्गीय भाज्या यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीची पोकळी पाण्याने भरून एक-दोन दिवस तशीच राहिली की मुळं गुदमरतात, मर आणि मूळकुजीच्या बुरश्यांना रान मोकळं मिळतं, आणि मिरचीचं हिरवंगार झाड वरून काहीही न बिघडता माना टाकतं. अशा झाडाला पाणी कमी पडलं असं वाटून आणखी पाणी घालणारेही कमी नाहीत.

ही गोष्ट शेतकऱ्यांना नवी नाही. सोलापूरकडच्या खोल काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या पावसाळाभर जमीन पड ठेवून ऑक्टोबरात रब्बी ज्वारी पेरण्याची रीत होती. ऐन पाऊसकाळात जमीन रिकामी ठेवणं बाहेरच्याला आळस वाटेल. पण एकदा चिखल झाला की त्या रानात औत घालता येत नाही आणि पीक तग धरत नाही, हा त्यामागचा अनुभव होता. पुढे सरकारी पातळीवर कोरडवाहू शेतीचं संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला सुरू झालं आणि १९३३ मध्ये सोलापूरला पोहोचलं. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा आला आणि नंतरच्या काळात समपातळीवर बांध घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. हलक्या आणि मध्यम जमिनीत या बांधांचा उपयोग झाला. खोल काळ्या जमिनीत मात्र दोन अडचणी आल्या. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळं पडायचं, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा जाऊन पहिल्या जोरदार पावसात तो फुटायचा. म्हणून भारी जमिनीसाठी किंचित ढाळ दिलेले, पाणी हळूहळू बाजूला नेणारे बांध सुचवले जाऊ लागले.

पाणलोटाच्या कामात एक सांगणं नेहमी ऐकू येतं: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जिरवा. मुरमाड माळाला हे तंतोतंत लागू पडतं. चिकण जमिनीवरच्या भाजीच्या वाफ्यात मात्र ते अर्ध्यावरच सोडून द्यायला हवं. पळणाऱ्याला चालायला लावायचं, आणि मग चालतच बाहेर जाऊ द्यायचं. थांबवायचंच असेल तर वाफ्यांच्या खाली, वेगळ्या खड्ड्यात किंवा शेततळ्यात.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ पासून आहे. तिथल्या काळ्या जमिनीत १९७६ पासून एक दीर्घ प्रयोग चालला. एका बाजूला सपाट रान आणि जुनी पद्धत, दुसऱ्या बाजूला साधारण मीटरभर रुंद वरंबे आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या मीटरच्या सऱ्या. या सऱ्या पूर्ण समपातळीवर नव्हत्या. त्यांना शंभर मीटरमागे ४० ते ८० सेंटिमीटर इतका बेताचा ढाळ होता. जुन्या पद्धतीत हेक्टरी वर्षाला सहा टनांहून जास्त माती वाहून जायची. वरंब्यांच्या रानात ती सुमारे दीड टनावर आली. धान्याचं उत्पन्न हेक्टरी सुमारे एक टनावरून पाच टनांच्या घरात गेलं. याचं सगळं श्रेय वरंब्याला देणं बरोबर नाही, कारण सुधारित वाण, खतं आणि वर्षाला दोन पिकं हाही त्याच प्रयोगाचा भाग होता. पण पावसाळ्यात पड राहणाऱ्या रानात पावसाळी पीक उभं राहिलं, ते जादा पाण्याला वाट मिळाली म्हणून. महाराष्ट्रात सोयाबीनवाले ज्याला ‘बीबीएफ’ म्हणतात ती रुंद वरंबा-सरी पद्धत हीच. ती ट्रॅक्टरने एकरांवर करतात. गुंठा-दोन गुंठ्यांवर ती कुदळ-फावड्याने करायला कोणाची हरकत नाही.

करायचं काय, ते आता सांगता येईल. पहिलं काम वाफ्यात नसतं, वाफ्याच्या वर असतं. तुकड्याच्या वरच्या कडेला आडवा चर काढायचा, साधारण दीड फूट रुंद आणि फूटभर खोल, आणि निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची. वरून येणारं परकं पाणी इथेच अडून एका बाजूने निघून जातं, आणि वाफ्यांना फक्त स्वतःवर पडलेल्या पावसाची व्यवस्था करावी लागते. त्यानंतर समपातळीची रेषा आखायची. त्यासाठी गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी चालते. नाहीतर तीन बांबूंचा, इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा सांगाडा बांधून त्याला मधोमध दगडाचा ओळंबा सोडला तरी काम होतं. दोन पायांत दोन मीटरचं अंतर असेल, तर खालच्या दिशेच्या पायाखाली एक सेंटिमीटर जाडीची लाकडी चीप ठेवायची. ओळंबा मधल्या खुणेवर आला की आपोआप अर्ध्या टक्क्याचा ढाळ मिळतो, म्हणजे दहा मीटरच्या सरीला पाच सेंटिमीटर. डोळ्याला तो दिसतही नाही, पण पाण्याला कळतो. अशा रेषेवर मीटरभर रुंद वरंबे आणि मध्ये चालण्यापुरत्या सऱ्या घेतल्या की सगळ्या सऱ्यांचं पाणी एका कडेला येतं. त्या कडेला गवत राखलेली किंवा दगड पसरलेली नाली हवी. उघडी माती ठेवली तर दोन पावसांत तिची ओघळ होते आणि ती वर-वर खात जाते. जमिनीचा उतार सगळीकडे सारखा नसल्यामुळे रेषा वाकड्या येतील आणि दोन वरंब्यांमध्ये कुठेकुठे पाचरीसारखी जागा उरेल. ती गवताला सोडावी. कागदावर सरळ आखलेल्या वाफ्यांचा मोह इथे महागात पडतो.

यावर पहिली हरकत सपाटीवाल्यांची. सपाट जमिनीवर काम सोपं होतं, गुडघे दुखत नाहीत, पाणी सारखं बसतं, हे सगळं खरं आहे. पण सपाटीची किंमत मोजून पाहा. शंभर फुटांत दहा फूट उतार असलेल्या जागेवर दहा मीटर रुंदीचा सपाट पट्टा काढायचा, तर वरच्या कडेला अर्धा मीटर खोदावं लागतं आणि खालच्या कडेला अर्धा मीटर भराव घालावा लागतो. आपल्याकडे उतारावर मातीचा थर पुष्कळदा फूट-दीड फुटाचाच असतो. म्हणजे निम्म्या पट्ट्यावर मुरूम किंवा चुनखडी उघडी पडते आणि चांगली माती उरलेल्या निम्म्याच्या तळाशी गाडली जाते. वर सात-आठ टनांच्या यंत्राने ओली चिकण माती दाबली गेली तर ती मोकळी व्हायला वर्षं लागतात. भरावाला आधार म्हणून बांधलेली सिमेंटची भिंत फुगणाऱ्या मातीच्या दाबाने कलते. काळ्या मातीत घर बांधताना पाया मुरमाने का भरतात, ते कुठल्याही गवंड्याला विचारावं. आणि इतकं सगळं करून मिळतं काय, तर पाण्याला बाहेर जायला वाट नसलेली जागा.

मग कोकणात डोंगरउतारावर खाचरं आहेत, ती कशी, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण खाचराची सपाटी आणि बांध भाताच्या पायात पाणी उभं ठेवण्यासाठी असतात. भाताच्या मुळांना पानांकडून हवा पोहोचते, त्याला ते मानवतं. भाजीची गरज नेमकी उलटी. निलगिरीच्या डोंगरात बटाट्यासाठी ज्या पायऱ्या काढतात त्या सपाट नसतात. त्या आतल्या बाजूला, डोंगराकडे, किंचित कललेल्या असतात आणि तिथे पाणी काढून देणारी नाली असते. पायरी करायचीच असेल तर तीही ढाळाचीच करावी लागते.

दुसरी हरकत म्हणजे वाळू. चिकण मातीत वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते, हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याचा हिशेब कोणी करत नाही. एका गुंठ्यातल्या वरच्या २० सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २६ टन भरतं. त्यात ५५ टक्के चिकणमाती धरली आणि ती ३० टक्क्यांवर आणायची ठरवली, तर आणखी २१-२२ टन वाळू लागेल. म्हणजे गुंठ्याला पाच ब्रासच्या आसपास, तीही मातीत एकजीव करून. एवढी वाळू कोणी टाकत नाही. जी अर्धा-एक ब्रास टाकली जाते, तिचे कण चिकण मातीत रुतून बसतात आणि उन्हाळ्यात तो थर विटेसारखा कडक होतो. लाल मातीच्या ट्रकांचीही गत वेगळी नाही. खालच्या काळ्या थरावर सहा इंच लाल माती पसरली की वरचं पाणी सांध्यापर्यंत झरझर उतरतं आणि तिथे अडतं. मुळंही तिथेच अडतात. उतारावर तर भिजलेला वरचा थर खालच्यावरून हळूहळू सरकतो. बागेच्या दुकानात मिळणाऱ्या जिप्समबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. जमीन चोपण असेल, म्हणजे तिच्यात सोडियमचं प्रमाण वाढलेलं असेल, तरच जिप्सम कामाचं. आपल्या बहुतेक काळ्या जमिनींत कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने आधीच भरपूर असतं. आधी माती तपासून घ्यावी. कृषी विज्ञान केंद्रात आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ती तपासून मिळते.

तिसरी हरकत सगळ्यात वजनदार आहे: उतार तसाच ठेवला तर माती वाहून जाणार नाही का? जाईल, जर वाफे उताराच्या दिशेने वर-खाली पाडले, किंवा पावसाळ्यात जमीन उघडी ठेवली. मातीची धूप नुसत्या उताराने ठरत नाही. पाणी न अडता किती लांब धावतं, यावर ती पुष्कळ अवलंबून असते. आडवे वरंबे दर दीड मीटरवर ती धाव तोडतात. मात्र यात एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. वरची एक सरी भरून वाहिली की तिचं पाणी खालचा वरंबा फोडतं, मग त्याखालचा, आणि एका रात्रीत सगळी मांडणी उभी चिरली जाते. म्हणूनच वरचा चर आधी, सऱ्या पुरेशा खोल आणि एका सरीची लांबी आठ-दहा मीटरपेक्षा जास्त नको. दर चार-पाच वरंब्यांनंतर गवताची एक आडवी ओळ राखावी. मारवेल चालतं, गुरांना चाराही होतो. वाळा तर याच कामासाठी प्रसिद्ध आहे. त्याची मुळं सरळ खोल जातात, आजूबाजूला पसरत नाहीत. कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी बांधावर तो कित्येक पिढ्या जपला आहे आणि १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी त्याचा जगभर प्रचार केला. आणि हेही मान्य करायला हवं की शंभर फुटांत दहा-बारा फुटांपेक्षा जास्त उतार असेल तर नुसते वरंबे पुरत नाहीत. तिथे दगडी पौळ रचून अरुंद, मीटर-दीड मीटरच्याच पायऱ्या कराव्यात. सुक्या दगडांची पौळ पाणी झिरपू देते आणि माती फुगली तर दगड थोडे सरकून पुन्हा बसतात. सिमेंटला ते जमत नाही.

पाण्याची वाट लागली (चांगल्या अर्थाने) की मातीकडे वळायचं. शेणखताची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २० ते २५ टनांची, म्हणजे गुंठ्याला दोन-अडीचशे किलो. भाजीच्या छोट्या तुकड्याला त्याच्या दुप्पट दिलं तरी बिघडत नाही, फक्त ते पूर्ण कुजलेलं हवं. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातात, त्यामुळे एकदाच दहा ट्रॉल्या टाकण्यापेक्षा दरवर्षी बेताने टाकणं फायद्याचं. कडेला गिरिपुष्पाची झाडं लावली तर त्यांचा पाला वर्षातून दोन-तीनदा छाटून वरंब्यावर पसरता येतो. असं आच्छादन पावसाच्या थेंबांचा मार झेलतं आणि उन्हाळ्यात भेगा कमी करतं. पण या सगळ्याहून मोठा नियम वाफशाचा. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि अंगठ्याने ढकलावा. फुटला तर काम करा, नुसता चेपला गेला तर परत जा. ओल्या चिकण मातीत एकदा कुदळ घातली की तिची ढेकळं हंगामभर फुटत नाहीत. पायही त्यात आलेच. एकदा केलेल्या वरंब्यावर कोणी, कधीही, पाय ठेवू नये. चालायला सऱ्या आहेत. दरवर्षी वरंबे मोडून नांगरायची गरज नाही, कारण फुगणं-आकसणं ही या मातीची स्वतःचीच मशागत असते.

यातूनच सुरुवात कधी करायची तेही ठरतं. पावसाचे वेध लागले की जूनमध्ये हुरूप येतो, पण उताराच्या चिकण जमिनीसाठी जून सगळ्यात वाईट. मेमध्ये कुदळ उडते आणि जुलैत ती रुतते. पहिला पावसाळा नुसता पाहण्यात घालवावा: पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठून ओघळ धरतं, आणि शेवटी कोणाच्या रानात उतरतं. शेवटचा प्रश्न विसरू नये. नालीचं तोंड शेजाऱ्याच्या बांधावर काढलं तर भाजीआधी भांडण उगवतं. तोपर्यंत जमीन उघडी ठेवण्यापेक्षा वळवानंतर ताग फोकून पेरावा आणि फुलावर आला की कापून तिथेच पसरावा. ऑक्टोबरात वाफसा आला की चर, वरंबे, नाली हे सगळं करून घ्यावं आणि मेथी, कोथिंबीर, कांदा, घेवडा, हरभऱ्याची भाजी अशी सोपी पिकं घ्यावीत. पावसाळा वाया गेला, असं वाटेल खरं. पण रब्बीत ही माती धरलेली ओल हळूहळू सोडते आणि तिचे गुण या हंगामात दिसतात. शिवाय पुढच्या जूनपर्यंत वरंबे बसून घट्ट झालेले असतात.

पुढच्या पावसाळ्यात कुठे काय लावायचं, ते उतारच सांगतो. वरच्या अंगाला माती उथळ आणि निचऱ्याची, तिथे मिरची आणि टोमॅटो. मधल्या पट्ट्यात वांगी, भेंडी, गवार. दोडका-काकडीचे मांडव वरंब्याच्या कडेने. गाजराला ही माती सरळ वाढू देत नाही, त्याला फाटे फुटतात, त्यामुळे त्याच्या नादी लागू नये. ठिबक टाकायचं तर नळ्या वरंब्याच्या रेषेतच आडव्या टाकाव्यात. उताराच्या दिशेने टाकल्या तर खालच्या झाडांना जास्त पाणी मिळतं आणि वरची तहानलेली राहतात. तासाला दोन लिटरचे ड्रीपर पुरेत, कारण चिकण मातीत ओल खाली कमी आणि बाजूला जास्त पसरते. सगळ्यात खाली, नालीचं पाणी जिथे उतरतं तिथे माती खोल असते आणि ती दिवाळीपर्यंत ओली राहते. तिथे मिरची मरेल. तिथे अळू लावावं.